जमिनीवर आरोप

सकाळी कुलूप काढायला गेले, तर पायरीवर एक काका बसलेले. कऱ्हाडच्या कोर्टाजवळ माझं भाषांतराचं छोटं ऑफिस आहे. खरेदीखतं, निकालपत्रं, बँकांची पत्रं, असलीच कामं. काकांनी बंडीच्या आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पत्र काढलं.

“ताई, माझ्या जमिनीवर आरोप ठेवलाय.”

“आरोप माणसावर ठेवतात काका, जमिनीवर कसा ठेवतील?”

“पोरानं रात्री मोबाईलवर मराठी करून दाखवलं. आरोप हाय, आन् पैसे भरलं की प्रभारी अधिकारी सोडून देणार म्हणं. लाच मागत्यात का काय?”

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. येताना दहा हजार बरोबर घेऊनच आले होते.

पत्र बँकेचं, तेही चांगल्या बातमीचं. ट्रॅक्टरचं कर्ज फिटलं होतं. पण एकाच वाक्यात जमिनीवरचा चार्ज, तो उतरवणं म्हणजे डिस्चार्ज, त्यासाठीचे चार्जेस आणि शाखेतला ऑफिसर इन चार्ज, अशी सगळी भावकी एका पंगतीला बसलेली. लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नसणार. मोबाईलनं पहिल्याच चार्जचा आरोप केला आणि मग पुढचं सगळं पोलीस ठाण्यातलं होऊन बसलं.

फौजदारी कागदात चार्ज म्हणजे दोषारोप, हे खरंच. पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०० मधला चार्ज निराळा. तिथे गहाण नसतं, तरी पैशांच्या फेडीसाठी मिळकत तारण म्हणून अडकलेली असते. मी हे समजावायला लागले, तर काकांनी मला मध्येच थांबवलं.

“मग बोजा म्हणा की! सोसायटीला इकरार करून दिला की सातबाऱ्यावर चढतो, त्योच ना?”

तोच. इतर अधिकारांच्या रकान्यात तो त्यांनी कितीदा चढताना-उतरताना पाहिला होता. गंमत म्हणजे चार्जचं मूळही तिथलंच. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडी. तिच्यात माल भरणं, यावरून हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. पुढे बंदुकीत ठासलेली दारू, विजेचा भार, अंगावर पडलेलं काम, माथी मारलेला गुन्हा, सगळी ओझी त्याच गाडीत चढत गेली.

मोबाईलला हसायला मला तोंड नाही. या धंद्यात नवीन असताना एका खरेदीखतातली ‘सर्व चार्जेसपासून मुक्त’ मिळकत मी ‘विनामूल्य’ करून ठेवली होती. पाऊण एकर फुकट! वकिलांनी तो कागद ऑफिसभर वाचून दाखवला होता.

काकांच्या पत्रावर मी पेन्सिलीनं चारही शब्दांखाली मराठी लिहिलं: बोजा, बोजा उतरवणे, शुल्क, शाखेतले साहेब. शुल्क होतं ५९० रुपये, जीएसटी धरून.

“एवढंच?”

“एवढंच. पावती घ्या, बँकेचा बेबाकी दाखला घ्या आणि तलाठ्याकडे द्या. नोंद आपोआप उतरत नाही, मागे लागावं लागतं.”

“ते म्हाईत हाय.”

त्यांनी शंभराच्या सहा नोटा मोजून वरच्या खिशात ठेवल्या. उरलेला पुडका परत बंडीच्या आत गेला.

“आता त्या पोराकडं बघतो,” म्हणाले आणि चपला शोधायला लागले.