पडद्यामागची दोन मिनिटं

रविवारी आमच्या चाळीच्या समाजमंदिरात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी होती. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने डॉक्टर पाठवल्या. पण बायका जमल्या त्या एका सेवाभावी संस्थेच्या ताई महिनाभर दारोदार फिरल्या म्हणूनच. नुसत्या डॉक्टर आल्या असत्या तर कोणी फिरकलं नसतं.

नावं दिली होती, तरी पहिली उठेना कोणी. शेवटी मी गेले. कापसाच्या बोळ्याने व्हिनेगरसारखं पातळ द्रावण लावतात, मिनिटभर थांबतात. पेशींत बिघाड असेल तर तेवढा भाग पांढरा दिसतो. किंचित चुणचुणलं, बस.

ही साधी तपासणी आपल्या मुंबईतच पारखली गेलीय, याचा मला फार अभिमान वाटतो. टाटा मेमोरियलने १९९८पासून वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. तपासायला डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. २०१३ साली निष्कर्ष आला: तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी!

बाहेर आले तर शेजारच्या मावशी पदर घट्ट धरून उभ्या.

"दुखतं का गं?"

"नाही हो मावशी. चला, मी थांबते पडद्याशी."