तुम्ही विचारलंत म्हणून: बाबेलची तान्ही बाळं

आमच्या मंडळीत मी बायबलचा वर्ग घेते, त्यामुळे हा प्रश्न ठरलेला. बायबलच्या जुन्या करारात यहोशवाच्या सैन्याने यरीहो शहर घेतलं आणि बायकापोरांसकट सगळ्यांवर तलवार चालवली, हे सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना पचायचं कसं?

पचत नव्हतं. दुसऱ्या शतकातल्या मार्कियन नावाच्या शिक्षकाने तर जुना करारच बाजूला सारला. त्यातला देव वेगळा, येशूचा पिता वेगळा, असं त्याचं म्हणणं. इ.स. 144 च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. पण पुस्तक ठेवलं म्हणजे ते वाचायचं कसं, हा पेच राहिलाच.

तिसऱ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या ओरिजेन या विद्वानाने तो अंगावर घेतला. हिंसा त्याने घरात पाहिली होती. तो सतरा वर्षांचाही नव्हता तेव्हा त्याच्या वडिलांना विश्वासापायी ठार केलं गेलं. ग्रीकमध्ये यहोशवा आणि येशू ही नावं एकच. म्हणून त्याने त्या लढाया माणसाच्या आत नेल्या: जिंकायचे राजे म्हणजे राग, लोभ, वासना. या लढाया आत्मिक युद्धाची खूण नसत्या, तर शांती शिकवायला आलेल्या ख्रिस्ताच्या शिष्यांनी ही पुस्तकं मंडळ्यांत वाचायला दिलीच नसती, असं तो स्पष्ट सांगतो.

स्तोत्र 137 चं शेवटचं वचन, बाबेलची, म्हणजे यहुद्यांना बंदी करून नेणाऱ्या शहराची, बाळं खडकावर आपटणारा धन्य, तेही त्याने असंच उलगडलं. बाबेल म्हणजे गोंधळ. बाळं म्हणजे मनात नुकतेच जन्मलेले वाईट विचार. वाढायच्या आत आपटा. पुढे ऑगस्टीन हा बिशप म्हणाला, तो खडक म्हणजे ख्रिस्त. जावेविषयी मनात कडू विचार उठला की मला हे खरंच उपयोगी पडतं.

पण एकदा वर्गात हे समजावत असताना एका मुलीने मांडीवरच्या बाळाचं डोकं हाताने झाकलं. नकळत. माझं बोलणं तिथेच अडकलं. रूपक कितीही खोल असो, त्यात ते खरं बाळ दिसेनासं होतं, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून मला निस्साचा ग्रेगरी जवळचा वाटतो. चौथ्या शतकातला बिशप. मिसरच्या पहिलवटांच्या, म्हणजे देवाने मारलेल्या थोरल्या मुलांच्या, मरणापाशी तोही शेवटी रूपकाकडेच वळतो, पण आधी थांबतो आणि विचारतो: बापाच्या दुष्टपणाची शिक्षा अजून काही न कळणाऱ्या तान्ह्याला? मग न्याय कुठे राहिला? आणि जो पाप करील तोच मरेल, असं ओरडून सांगणारा संदेष्टा यहेज्केल कुठे गेला? शास्त्राला शास्त्रातूनच जाब.

त्या संध्याकाळी मी स्तोत्र मिटलं. यहेज्केलचा 18 वा अध्याय काढला आणि वाचायला त्या मुलीकडेच दिला.