आमची वाटचाल: भट्टीच्या ब्लोअरपासून जिप्सीच्या सुपरचार्जरपर्यंत

आबांनी १९७८ साली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक जुना लेथ आणि एक ड्रिल मशीन टाकून गाळा सुरू केला. फाउंड्रीच्या भट्टीला हवा मारणारे ब्लोअर खोलायचे, बेअरिंग आणि ऑईल सील बदलायचे, पुन्हा जोडून द्यायचे, एवढंच काम. पुढे सांडपाण्याच्या टाक्यांत हवा सोडणारे ट्विन लोब ब्लोअर यायला लागले आणि शेजारचा गाळाही घ्यावा लागला. आज आम्ही जुन्या गाड्यांच्या इंजिनांना सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात दाबून हवा भरणारा ब्लोअर, बसवायचे सुटे भाग बनवतो. नवीन माणूस आला की विचारतोच, भट्टीवरून गाडीवर कसे गेलात म्हणून. आमच्या दृष्टीनं वस्तू तीच आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रूट्स नावाच्या दोन भावांनी १८६० साली ज्या हवेच्या यंत्राचं पेटंट घेतलं, ते भट्ट्यांनाच हवा द्यायला लागलं होतं. तेच लहान करून मर्सिडीजनं १९२१ मध्ये विकायच्या मोटारींवर बसवलं.

या यंत्रातलं मर्म मला आबांनी फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, शिकवलं. दोन रोटर एकमेकांत गुंतून फिरतात, पण एकमेकांना शिवत नाहीत. त्यांना अंतरावर धरतात ते मागचे टायमिंग गिअर. आबा झाकण काढायचे, शाफ्ट हातानं पाव फेरा फिरवायचे आणि पातळ पट्टी मधल्या फटीत सरकवायचे. परत पाव फेरा, परत पट्टी. एका बाजूला पट्टी सैल आणि दुसऱ्या बाजूला अडकते असं झालं की गिअर सोडून पुन्हा बसवायचा. मी बारावीत होतो तेव्हा सलग तीन रविवार मला एकच ब्लोअर लावायला दिला होता. तिसऱ्या रविवारी त्यांनी नुसता कान लावून शाफ्ट फिरवला आणि म्हणाले, "आता बांध." अजूनही आमच्याकडून जाणारं प्रत्येक युनिट याच पद्धतीनं तपासलं जातं.

धंद्याची सूत्रं माझ्याकडे २००३ मध्ये आली. माझी स्वतःची मारुती जिप्सी होती, १२९८ सीसीची एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारी. कंपनीच्या आकड्यानुसार ८० बीएचपी. खडकाळ चढावर, कमी आरपीएमला, ती दमायची. टर्बो बसवला तर धुराचा जोर वाढेपर्यंत थांबावं लागतं, आणि चढावर नेमकं तिथंच अडतं. सुपरचार्जर क्रँकच्या पुलीवरून बेल्टनं फिरतो, म्हणून पाय दाबला की त्याच क्षणी हवा मिळते. त्यासाठी इंजिनाची थोडी ताकद खर्च होते खरी, पण खालच्या आरपीएमला जे मिळतं त्यापुढे तो खर्च मला कधीच जड वाटला नाही.

२०११ साली मी आयसिन कंपनीचा एक वापरलेला एएमआर ५०० सुपरचार्जर मिळवला. नावातच त्याचं माप आहे, एका फेऱ्यात साधारण ५०० सीसी हवा. इंजिन चार स्ट्रोकचं, म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यात ते जास्तीत जास्त ६४९ सीसी ओढणार. ब्लोअर क्रँकच्या किती पट वेगानं फिरवायचा, यावर सगळा खेळ. मी तरुण होतो, हात सराईत होते आणि मी २.२ पट धरला. वातावरणाच्या दाबावर आठ पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) आसपास दाब मिळाला. एका मित्राच्या शेताकडच्या माळरानावर गाडी नेली, आणि पहिले दोन दिवस ती ज्या जोरानं चढ चढली त्याचं वर्णन मला अजून नीट करता येत नाही.

तिसऱ्या दिवशी चढाच्या मध्यावर कुणी डब्यात खडे हलवावेत असा आवाज आला. ते नॉकिंग होतं, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल आपोआप भडकून बसणारे हादरे. मी पाय काढायला उशीर केला. हेड उतरवून पिस्टन बाहेर काढले तेव्हा तिसऱ्या नंबरच्या पिस्टनची वरच्या दोन रिंगांमधली कड तुटलेली होती. तुकडा नखाएवढाच, पण त्यानं बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, वरून खालपर्यंत ओरखडा ओढला होता.

चूक पूर्णपणे माझी होती, आणि ती साधी होती. गाडीतला प्रेशर सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो. त्याच्यावर दाब गेला की ईसीयूला, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क ठरवणाऱ्या कॉम्प्युटरला, ते कळतच नाही. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं, स्पार्कही जुन्याच वेळेला पडत राहिला. त्यात उन्हाळ्यातली ३५ अंशांची हवा एवढी दाबली की रूट्स ब्लोअरमधून ती शंभरीपार जाऊन बाहेर पडते. मी हवेचं काम केलं, पेट्रोलचं आणि तापमानाचं केलंच नाही. आबा काही बोलले नाहीत. तुटका पिस्टन त्यांनी धुऊन पुसून खिडकीत ठेवला, तो आजही तिथंच आहे.

दुसऱ्या खेपेला ब्लोअरची पुली मोठी करून वेगाचं प्रमाण १.८ वर आणलं. दाब साडेचार पीएसआयच्या आसपास आला. जास्त दाब वाचणारा सेन्सर, मोठे इंजेक्टर, स्वतंत्र ईसीयू, दाबाखाली स्पार्क मागे घेणारा मॅप (ईसीयूतला आकड्यांचा तक्ता), आणि पाण्यानं हवा थंड करणारा छोटा इंटरकूलर. ताकद साधारण तीस टक्क्यांनी वाढली. आकडा पहिल्यापेक्षा कमी आहे, पण ही गाडी अजून चालते.

बेल्टनं मात्र वर्षभर छळलं. पहिलं ब्रॅकेट सहा मिलिमीटर पट्टीचं वेल्डिंग करून केलं होतं. उभ्या गाडीत पुल्या अगदी सरळ रेषेत दिसायच्या, पण लोड आला की ब्रॅकेट वाकायचं आणि बेल्ट कडेनं कातरला जायचा. कितीही ताणला तरी तेच. शेवटी ब्रॅकेट कास्टिंगमध्ये घेतलं, मागून दोन फासळ्या दिल्या, इंजिन ब्लॉकला चार ठिकाणी पकडलं आणि ब्लोअरच्या पुलीला बेल्टचा वेढा जास्त मिळावा म्हणून आयडलरची, म्हणजे बेल्टला वळण देणाऱ्या मोकळ्या पुलीची, जागा बदलली. कास्टिंग गावातलंच, मशीनिंग आमचं. आमच्या कारखान्याची खरी ओळख मी या ब्रॅकेटलाच मानतो. ब्लोअर जगात कुठंही मिळतो. तो जुन्या इंजिनावर हलू न देता धरणं, हे आमचं काम.

मग ऑफरोडवाले यायला लागले. रॅलीवाले फारसे आले नाहीत, कारण एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संस्थेच्या नियमात सुपरचार्ज केलेल्या पेट्रोल इंजिनाची सीसी १.७ नं गुणतात. आमची १२९८ तिथं २२०० च्या वर जाते आणि मोठ्या गाड्यांच्या गटात पडते. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबाबत निकाल दिला. त्यानंतर रस्त्यावरच्या गाडीचं काम आम्ही पूर्ण बंद केलं. खाजगी जागेतल्या स्पर्धेची, ट्रेलरवरून येणारी गाडी असेल तरच हात लावतो. त्या वर्षी ऑर्डरी निम्म्यावर आल्या आणि ब्लोअर दुरुस्तीच्या जुन्या धंद्यानंच पगार भागवले. तरीही तो निर्णय मला बरोबरच वाटतो. रस्त्यावर दुसऱ्याचीही मुलं चालतात.

तेव्हाच ऑस्ट्रेलियातल्या एका मराठी इंजिनियरचा फोन आला. त्यांच्याकडे तिसऱ्या पिढीची सुझुकी जिम्नी होती, इंजिन माझ्या जिप्सीचंच, जी १३ बीबी. तिकडं प्रमाणित इंजिनियरनं तपासून सही दिली की असा बदल रीतसर नोंदवता येतो. त्यांनी ब्रॅकेटचं ड्रॉइंग, धातूचा दर्जा, बोल्टचा टॉर्क, सगळं लेखी मागितलं. आमच्याकडे तोवर बरंचसं डोक्यात आणि भिंतीवर खडूनं लिहिलेलं. ती कागदपत्रं तयार करायला चार महिने गेले. आता प्रत्येक किटबरोबर ती जातात, आणि बाहेरदेशीच्या ऑर्डरी स्थानिक कामापेक्षा जास्त आहेत.

गिऱ्हाईकाला आमचा एक नियम पहिल्यांदा जड जातो. किट देण्याआधी चारही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनचे, म्हणजे आत किती दाब तयार होतो त्याचे, आकडे मागतो. एखाद्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी रिंगा, व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट बघा, मग आमच्याकडे या. पंचवीस वर्षांच्या इंजिनात दाबून हवा भरली की आधीचा प्रत्येक आजार वर येतो. या नियमामुळे काही ऑर्डरी जातात. जाऊ द्यात.

सध्या टेबलावर ९७० सीसीची, कार्ब्युरेटरवाली जुनी जिप्सी आहे. कार्ब्युरेटर ब्लोअरच्या आधी ठेवला तर पेट्रोल आतच उडून हवा थंड करतं, पण मग मध्ये इंटरकूलर टाकता येत नाही, म्हणून दाब साडेतीन पीएसआयच्या वर न्यायचा नाही असं ठरवलंय. ब्रॅकेटचा लाकडी पॅटर्न मागच्या गल्लीत तयार होतोय. पहिलं कास्टिंग दिवाळीआधी हातात येईल.