भूत कितव्या पानावर आलं?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा ग्रुपवर मेसेज आला आणि खरं सांगतो, शाळा म्हटलं की मला लायब्ररीचे सर सोडून दुसरं काही आठवतच नाही. कोण ते सगळ्यांना माहितीये. बाकीच्या शिक्षकांबद्दल इतर लोक लिहितीलच.

नववीत आम्ही नारायण धारपांच्या भयकथांवर तुटून पडलो होतो. घरी ओरडा बसायचा, असली भुताखेताची पुस्तकं कसली वाचतोस म्हणून, पण सरांनी कधी नाक मुरडलं नाही. फक्त पुस्तक परत देताना त्यांचा एक प्रश्न ठरलेला, "भूत कितव्या पानावर आलं रे?" मी म्हणायचो, चाळीस-पन्नास. "मग तोवर काय चाललं होतं?" झालं, तिथे आपली बोलती बंद, कारण तेवढी पानं सगळी पोरं भराभर उलटायची. एकदा तर त्यांनी तेच पुस्तक पुन्हा माझ्या नावावर चढवलं आणि म्हणाले, घराचा व्यवहार नीट वाचून ये, भुताचं राहू दे.

आता न्यू जर्सीत असतो. ऑक्टोबर लागला की शेजारीपाजारी अंगणात सांगाडे उभे करतात, ३१ ला हॅलोविनची पोरं चॉकलेटं मागत दारात येतात आणि मी बाऊल शेजारी ठेवून धारप वाचत बसतो, बेल वाजली की उठायचं. भुताची भीती आता फारशी वाटत नाही, गोष्टीत धारपांचे ते भुताखेतांशी लढणारे समर्थ असले तर ते निस्तरणारच. पण एखाद्या साध्या नोकरदाराला मोठं घर फार स्वस्तात मिळतं, बायको खूश होते आणि हा बाबा विचारतच नाही की एवढं स्वस्त का, तिथे पोटात गोळा येतो. घराचे हप्ते भरतोय ना मीपण! सर हेच वाच म्हणत होते, पण त्या वयात कुठून कळणार.

इथेच स्टीफन किंगची १९८६ ची 'इट' वाचायला घेतली आणि अर्ध्यात ट्यूब पेटली, अरे हे तर आपलं 'शपथ'! धारपांनी त्यावरूनच बेतलेलं. जरा हिरमुसलो, पण माणसं इतकी आपल्यातली करून टाकली होती की कधी शंकासुद्धा आली नाही, हे काय कमी आहे? सरांना हे सांगायला हवं होतं. ते गेल्याचं मला फार उशिरा कळलं.

मागे शाळेत येऊन गेलो तर लायब्ररीच्या जागी कॉम्प्युटर लॅब, पुस्तकं कपाटात कुलूपबंद. साकेत प्रकाशनाने धारप नव्याने छापलेत, त्यातला एक गठ्ठा सरांच्या नावाने पाठवतोय. फक्त पोरांना घरी न्यायला द्या, भरदुपारी शाळेत बसून असली पुस्तकं वाचण्यात काय मजा.