आजीचा रुपया चुंबकाला चिकटला

पोळ्याच्या आधी घर आवरताना आजीच्या गाठोड्यातून एक रुपया निघाला, 1947 चा, एका बाजूला सहावा जॉर्ज आन दुसऱ्या बाजूला वाघ, आजी म्हणे चांदीचा हाये, माह्या सासूनं देल्ला होता. मी सवयीनं जुन्या स्पीकरचा चुंबक जवळ नेला तर टक्कन चिकटला. आजीचं तोंडच उतरलं, "मंग खोटा हाय का रे?"

नाही, खरा हाये, पण निकेलचा. महायुद्धात चांदीची टंचाई झाली, 1940 मध्ये रुपयातली चांदी जवळपास 92 टक्क्यांवरून 50 वर आणली, वरून अमेरिकेकडून उधार आणलेली चांदी परत करायची होती, म्हणून मग निकेल. 1943 पासूनचा भोकाचा पैसा पण त्याच टंचाईतला, तांबं वाचवायला मधातून भोक.

नाणी जमवताना मला वर्षापेक्षा धातूचंच वेड आहे आणि म्हणूनच पॅटर्न कॉइनची सगळ्यात जास्त ओढ आहे. नवं नाणं चलनात यायच्या आधी टांकसाळ नमुने पाडून बघते ना, कधी डिझाइनसाठी तर कधी धातूच बदलून, ते. तांबं महागलं म्हणून अमेरिकेनं 1974 सालच्या तारखेचे अॅल्युमिनियमचे सेंट पाडले, 15 लाखांच्या वर, एकेक 1 ग्रॅमपेक्षाही हलका. व्हेंडिंग मशीनवाले विरोधात गेले, डॉक्टर म्हणाले पोरानं गिळला तर एक्स-रेत नीट दिसणार नाही, शेवटी सगळे वितळवायचं ठरलं. पण तिथल्या काँग्रेसच्या मेंबरांना दाखवायला दिलेल्यातले काही परत आलेच नाहीत! एक स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे, बाकी कुठं सापडला तरी सरकार म्हणते तो आमचाच, म्हणजे पैसे असले तरी घेता येत नाही.

आणि आपल्याकडे पाहा, 1965 पासून अॅल्युमिनियमचा चौकोनी 1 पैसा, पाऊण ग्रॅमचा, सगळ्या देशानं वापरला, बाबा त्याच्या लिमलेटच्या गोळ्या घेत. मी आठवडी बाजारात भंगारवाल्याकडून मूठभर आणले. तळहातावर घेतला की वजनच लागत नाही, दरवेळी त्या सेंटची आठवण येते, तो हातात असाच लागत असेल.

एक सांगून ठेवतो, ऑनलाइन कोणी 1943 चा तांब्याचा अमेरिकन सेंट दाखवला तर पहिले चुंबक लावा. त्या वर्षी सेंट स्टीलचे होते, चुकून तांब्याच्या चकत्यांवर छापले गेलेले अगदी मोजके आहेत, बाकी बरेचसे स्टीलवर तांब्याचं पाणी चढवलेले. असली चिकटत नाही आन वजन 3.11 ग्रॅमच्या आसपास भरते.

आजीनं रुपया पुसला, पदराच्या गाठीत बांधला. म्हणे, "चांदी नसू दे, वाघ तर हाये ना त्याच्यावर."