सात-बाराची सात डिसेंबर

डेटा एंट्रीला बसलात की एक्सेलच्या कोऱ्या चौकटीत ७/१२ टाइप करून एंटर मारा. सात डिसेंबर उमटेल. तारखेची मांडणी अमेरिकी असली तर बारा जुलै. ज्या उताऱ्यावर खानदेशातली केळी आणि कापूस उभा, तो यंत्राला कॅलेंडरचं पान वाटतो! गट नंबर ७/२ टाकला तरी तीच गत. चूक लक्षात आल्यावर रकाना ‘टेक्स्ट’ केला तर ४५६३३ असलं काहीतरी, म्हणजे एक्सेलचा त्या तारखेचा आतला क्रमांक, हाती लागतं. म्हणून आधी रकाना टेक्स्ट, मग टायपिंग. सोळा अंकी खाते क्रमांकाचं तर याहून वाईट, शेवटच्या अंकाचं शून्य होतं आणि मूळ अंक काही केल्या परत येत नाही.

या कामाच्या नोकरीच्या जाहिरातीत बहुधा मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द मिनिटाला आणि एमएस-सीआयटी एवढंच असतं. वेग हवाच, पण त्याचं कौतुक जरा जास्तच होतं. खरं काम नजरेचं. नंबर पॅडवरच्या ५ ला बारीक उंचवटा असतो; मधलं बोट तिथं टेकलं की मान कागदावरून हलवावी लागत नाही. आयएफएससीत, म्हणजे बँक शाखेच्या कोडात, अकरा अक्षर-अंक, पाचवं कायम शून्य. तिथं इंग्रजी ‘ओ’ पडला की अर्ज परत.

गावांसाठी मात्र माणूस इथलाच लागतो. पाळधी बुद्रुक की खुर्द? जुन्या दाखल्यावर एदलाबाद, यादीत मुक्ताईनगर. ‘शहादा, जि. धुळे’ ही चूक नव्हे, तो कागद १ जुलै १९९८ च्या आधीचा, नंदुरबार जिल्हा व्हायच्या अगोदरचा. नावाला मात्र शहाणपण लावायचं नाही. कागदावर सुकदेव असेल तर सुकदेवच, सुखदेव करायचा नाही.

संध्याकाळी गठ्ठ्यातल्या क्षेत्राची बेरीज कॅलक्युलेटरवर करून स्क्रीनवरच्या बेरजेशी ताडायची. समजा, २७ आरचा, म्हणजे ०.२७ हेक्टरचा फरक आला. नऊने भाग जातोय, म्हणजे बहुतेक शेजारचे दोन अंक उलटे पडलेत. भागाकार तीन, म्हणजे त्या अंकांत तीनचं अंतर: ०.६३ चं ०.३६, नाहीतर ०.५२ चं ०.२५. तेवढेच उतारे बाहेर काढायचे, अख्खा गठ्ठा उसवायचा नाही.