वस्तीच्या नळापासून ग्रामसभेच्या ठरावापर्यंत : गावाच्या आरोग्याच्या कामाचा माझा अनुभव

गावात आरोग्याचं काम करायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शिबिर उभं राहतं : मांडव, रक्तदाब, गोळ्यांचं वाटप, फोटो. शिबिराला माझा विरोध नाही. पण ते उठलं की गावाच्या हाती काही उरत नाही, आणि पावसाळ्यात जुलाबाची साथ पुन्हा त्याच गल्लीत लागते. मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावांमध्ये पाणी, सांडपाणी आणि साथी या तीन गोष्टींवर काम करताना आम्ही ज्या क्रमाने गेलो, तो इथे मांडतो आहे.

सुरुवात लोकांच्या यादीने करायची, आपल्या यादीने नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं तेव्हा हातात वैद्यकीय ज्ञान होतं, पण लोकांची पहिली मागणी पाणी आणि अन्न ही होती. त्यांनी ती ऐकली, आणि गावानेच निवडलेल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनेही आदिवासींना विचारूनच दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा बांधला आणि त्याला त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. दोन्हीकडे लोकांना आधी विचारलं गेलं म्हणून लोक पुढेही सोबत राहिले. हे सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात विचारायचं कसं, इथेच बहुतेकांची गाडी अडते.

“तुमच्या गावात कोणते आजार आहेत?” असं विचारलं की उत्तर येतं, “सगळं बरं आहे, फक्त एक डॉक्टर द्या.” त्याऐवजी आम्ही विचारतो : गेल्या पावसाळ्यात दवाखान्यावर पैसा कुणाचा गेला? मजुरी कुणाची बुडाली? पाणी भरायला किती वेळ जातो, आणि तो कुणाचा? असं विचारलं की बायका बोलू लागतात आणि बैठकीचा ताबा घेतात.

बैठकीची वेळ हा लहान मुद्दा वाटतो, पण तिथेच अर्धं काम बिघडतं. सकाळी अकराला बैठक ठेवली की पारावरचे पुरुष येतात आणि मजुरीला जाणाऱ्या बायका शेतात असतात. रात्री जेवणं उरकल्यावर, वस्तीतच, अंगणवाडीसमोर किंवा समाजमंदिरात बैठक घ्यावी. ज्या गावांतून ऊसतोडीला लोक जातात, तिथे तर वर्षाचाच विचार करावा लागतो. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे २६ जानेवारीच्या ग्रामसभेला सगळ्यात गरजू घरांना कुलूप असतं. त्यांचे प्रश्न १५ ऑगस्टच्या, फार तर २ ऑक्टोबरच्या सभेत यायला हवेत. हे पाहिलं नाही तर गावाच्या कामांचा आराखडा घरी राहिलेल्यांचाच होतो.

बैठकीनंतर गावफेरी आणि नकाशा. कागद नको, कारण कागदावर पेन शिकलेल्याच्या हातात जातं. मोकळ्या जागेत रांगोळीने रस्ते काढायचे, विहीर, टाकी, नळाची लाइन, गटारं दाखवायची. मग ज्या घरात गेल्या पावसाळ्यात जुलाब-उलटी झाली त्या घरच्यांनीच आपल्या घरावर कुंकवाची चिमूट ठेवायची. शौचालय असून वापरात नसेल तिथे राख, सांडपाणी रस्त्यावर येत असेल तिथे हळद. अर्ध्या तासात जमिनीवर जे दिसतं ते कुठल्याही अहवालात दिसत नाही. बहुतेक गावांत कुंकू सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, ते लाइनच्या शेवटाकडे गोळा झालेलं असतं. नकाशाचा फोटो घ्यायचा आणि त्यावरून ग्रामपंचायतीत लावायला मोठा तक्ता करायचा. रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते.

शेवटच्या नळांवरच आजार का, हे लोकांना समजावून सांगावं लागत नाही, फक्त दाखवावं लागतं. दाब कमी म्हणून तिथे तोटी काढून टाकलेली असते आणि नळाखाली खड्डा खणून जमिनीच्या खालच्या पातळीवर पाणी घेतलेलं असतं. त्या खड्ड्यात गटाराचं पाणी साचतं. वरच्या आळीत कुणी नळाला थेट मोटार लावलेली असते. मोटार पाणी ओढते तेव्हा पुढच्या लाइनमधला दाब जातो, आणि जिथे पाइपाचा जोड गळका आहे तिथून बाहेरचं घाण पाणी आत शिरतं. पाणी सुटायचं बंद झाल्यावरही हेच होतं. म्हणून टाकीत कितीही औषध टाकलं तरी, खड्ड्यातला नळ आणि लाइनवरची मोटार तशीच राहिली तर साथ थांबत नाही. गावात मोटारीचा विषय काढायला कुणी धजत नाही, कारण ती बहुधा वजनदार घराची असते. नकाशा समोर असताना तो विषय आपोआप निघतो. एका माणसाने दुसऱ्यावर केलेला आरोप म्हणून नाही, लाइनचा दोष म्हणून निघतो, आणि हा फरक मोठा आहे.

आता पाण्याचं औषध. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ताजी असताना तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पिशवी उघडी राहिली, ओल लागली की तो उडून जातो. गुठळ्या झालेली, वास न येणारी पावडर म्हणजे नुसता चुना. वर्षाचा साठा एकदम घेऊ नये. लहान पिशव्या घ्याव्यात, फळीवर, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. मात्रा साधी आहे : १००० लिटरला ५ ग्रॅम. ५०,००० लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. विहिरीचं पाणी काढायचं तर व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला ७८५ ने गुणायचं. ५ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी म्हणजे ७८,५०० लिटर, म्हणजे साधारण ४०० ग्रॅम पावडर.

पावडर कोरडी फेकणं ही जवळजवळ प्रत्येक गावातली पद्धत, आणि ती चुकीची आहे. ती तळाशी बसते, मग पहिल्या दहा घरांना उग्र वास येतो आणि शेवटच्या घरांना काहीच पोचत नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त घ्यायची नाही. थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून लापशी करायची, बादली पाऊण भरेल इतकं पाणी घालून ढवळायची, दहा मिनिटं ठेवायची. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ते टाकीत किंवा विहिरीत सोडायचं. खालचा चुना बाहेर टाकायचा. विहिरीत बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली हलवायची म्हणजे औषध मिसळतं. त्यानंतर किमान अर्धा तास थांबायचं, विहिरीला रात्रीची वेळ उत्तम.

तपासणी टाकीजवळ करायची नाही, शेवटच्या नळावर करायची. ओटी तपासणी, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाण्यातला क्लोरीन पाहणं, सगळ्यांना येते असं समजतात, पण तिच्यातही बारकावा आहे. नळी आधी त्याच पाण्याने विसळायची, खुणेपर्यंत भरायची, किटवर लिहिलेले थेंब टाकायचे आणि लगेच, दहा सेकंदांच्या आत रंग पाहायचा. उशीर केला तर पाण्यातल्या घाणीशी आधीच बांधला गेलेला क्लोरीनही पिवळा रंग देतो आणि पाणी निर्धोक वाटतं. शेवटच्या नळावर किमान ०.२ पीपीएम, म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम, क्लोरीन मिळाला पाहिजे. ओटीचं द्रावण विषारी आहे, तपासलेलं पाणी गटारात ओतायचं आणि हात धुवायचे.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं किट हाताळायला शिकवण्याची तरतूद आहे. पुष्कळ गावांत किट कपाटात आणि महिलांची नावं कागदावर असतात. ते किट बाहेर काढा. वस्तीतली बाई स्वतःच्या नळाचं पाणी नळीत धरते, थेंब टाकते, आणि नळी पांढरीच राहते. मग तीच टाकीजवळच्या नळावर जाते आणि तिथे नळी पिवळी होते. पाणीपुरवठ्यावर केलेल्या कुठल्याही भाषणापेक्षा या दोन नळ्यांनी जास्त काम केलेलं मी पाहिलं आहे. त्याच्या जोडीला पाण्यातले जिवाणू तपासायची एचटूएसची बाटली : पाणी भरून सावलीत ठेवायची, जिवाणू असतील तर साधारण २४ तासांत, थंडीत थोडं उशिरा, पाणी काळं पडतं. काळी आणि स्वच्छ अशा दोन्ही बाटल्या, नळाचं ठिकाण लिहून, ग्रामसभेच्या टेबलावर ठेवायच्या.

ग्रामसभेची तयारी आधीपासून हवी. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी ती. आधी महिलांची सभा होते. ती नुसत्या सह्यांवर उरकू द्यायची नाही, कारण तिथे मांडलेला विषय नंतरच्या मुख्य ग्रामसभेत दाबणं अवघड जातं. विषय लेखी द्यावा आणि विषयपत्रिकेत आला की नाही ते आधी पाहावं. ‘ऐनवेळचे विषय’ या खात्यात गेलेलं काम सहसा मार्गी लागत नाही.

ठरावाच्या शब्दांवर वेळ घालवा. “पाणीपुरवठा सुधारण्यात यावा” हा ठराव निरुपयोगी आहे. ठरावात पाच गोष्टी हव्यात : काम काय, कुठे, कुठल्या निधीतून, कधीपर्यंत, आणि झाल्यावर सांभाळणार कोण. ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच राखलेला होता, त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. म्हणजे पैसा नाही हे उत्तर बऱ्याचदा खरं नव्हतं, आराखड्यात काम लिहिलेलं नव्हतं हे खरं होतं. बारीक खर्चासाठी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा अबंधित निधी असतो. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात तो वर्षाला १०,००० रुपये असा ठरला होता. तपासणीचं साहित्य, साथीतली तातडीची गरज, तक्ते अशा गोष्टींना तो योग्य. खुर्च्या आणि सतरंज्यांवर तो संपवू नये.

शोषखड्ड्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे उत्साह जास्त आणि बिघाडही जास्त. नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून गटारं आणि डास हटवले आणि ही पद्धत ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून पसरली. खड्डा चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल. तळाला मोठे दगड, त्यावर मधोमध सिमेंटची टाकी, तिच्या वरच्या भागात चारी बाजूंना भोकं. टाकीभोवती खाली मोठे दगड आणि वर बारीक खडी भरायची. नहाणीचा पाइप टाकीत सोडायचा. गाळ टाकीच्या तळाशी बसतो, वरचं पाणी भोकांतून बाहेर येऊन मुरतं. टाकीला झाकण हवं, म्हणजे गाळ काढता येतो.

बिघडतं ते चार कारणांनी. नहाणीच्या तोंडाशी जाळी नसते, मग केस, साबणाचा चोथा आणि भांड्यांची राख खडीत अडकून खड्डा तुंबतो. टाकीचं झाकण मातीखाली बुजवलेलं असतं, मग गाळ कुणी काढत नाही. शौचालयाचं पाणी त्यातच सोडलेलं असतं, हे अजिबात चालत नाही. आणि जमीन चिकट काळी असते, जिच्यात पाणी मुरतच नाही. म्हणून खणण्याआधी त्या जागी फूटभर खड्डा करून रात्रभर पाणी मुरवा, सकाळी पुन्हा भरा. दोन तासांत पाणी बोटभरही उतरलं नाही तर तिथे शोषखड्डा करू नका, बंदिस्त गटार काढून एकत्र विल्हेवाटीचा विचार करा. पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून ५० फूट अंतर सोडा. रोजगार हमीतून करायचं असेल तर कार्यारंभ आदेश हाती येण्याआधी कुदळ मारू नका. आधी खणलेल्या खड्ड्याचं मस्टर, म्हणजे मजुरीचा हजेरीपट, निघत नाही आणि त्या घराचा कामावरचा विश्वास कायमचा जातो.

गटारं गेली म्हणजे डेंग्यू गेला, असं मात्र समजू नये. गटारातला डास वेगळा. डेंग्यूचा डास रांजण, हौद, टायर, कूलर अशा साठवणीच्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी आतल्या कडेला चिकटलेली असतात, ती घासून काढावी लागतात. ज्या गावात आठवड्यातून एकदाच पाणी येतं, तिथे भांडी रिकामी करा असं सांगणं हा अन्यायच आहे. तिथे फडक्याने घट्ट झाकणं आणि मोठ्या हौदात गप्पी मासे सोडणं एवढंच मागावं, आणि पाण्याच्या वेळापत्रकासाठी ग्रामपंचायतीशी भांडावं.

काम टिकतं ते मोजण्यामुळे. तीनच गोष्टी मोजायच्या : शेवटच्या नळांवर नळी पिवळी झाली का, आशाताईंच्या नोंदवहीत त्या महिन्यात जुलाबाचे रुग्ण किती आणि कुठल्या आळीतले, आणि किती शोषखड्ड्यांचं पाणी वर येतं. हे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वस्तीच्या नावासह लिहायचे आणि ग्रामसभेत वाचून दाखवायचे. सगळं आशाताईंवर टाकू नका. त्यांच्याकडे आधीच नोंदींचं ओझं आहे, नळाची तपासणी त्या पाच महिलांची, गाळाची जबाबदारी घराची, पावडरची जलसुरक्षकाची, म्हणजे गावच्या पाण्यात औषध टाकायला नेमलेल्या माणसाची. जलसुरक्षकाचं मानधन थकलं की पावडर टाकणं थांबतं, त्यामुळे मानधन वेळेवर मिळतं का, हा प्रश्नही सभेत विचारावा. पाणी स्रोतांच्या एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सर्वेक्षणानंतर गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. ते कुठल्या त्रुटींमुळे मिळालं, त्याची यादी मागून घ्यावी. पुढच्या आराखड्याचा पहिला मसुदा म्हणून ती उपयोगी पडते.

मे महिन्यात, ऊसतोडीची माणसं परतलेली असताना, पुन्हा एक गावफेरी करतो : टाकी धुऊन तारीख रंगवलेली आहे का, गळके जोड बदलले का, नळाखालचे खड्डे बुजवून तोट्या बसल्या का, नहाणीच्या जाळ्या जागेवर आहेत का, आणि पावसाळ्यापुरती ताजी पावडर आली का. जे राहिलं असेल ते मृगाच्या आधी उरकायचं, कारण पहिला मोठा पाऊस पडला की गटाराचं पाणी आधी त्या शेवटच्या नळाच्या खड्ड्यातच उतरतं.